नाही म्हणणाऱ्याची घंटा

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी दुरी बेझोला हा पाव घ्यायला बाहेर पडला की निम्मं गाव त्याच्या कोटाच्या बटणाला बोट लावून जातं. धुराडी साफ करणाऱ्याला शिवलं की वर्ष बरं जातं, असं आमच्या खोऱ्यात अजून मानतात. पोस्टातली बाई शिवते. पाद्री चेष्टा केल्याचं दाखवत शिवतो, पण शिवतो. आणि सेरैना तर काठी टेकत मुद्दाम रस्ता ओलांडून येते आणि एक सोडून दोन बटणांना हात लावते. "मला जरा जास्त नशीब लागतं रे," असं म्हणून हसते. दुरीही हसतो. मग घरी जाऊन पाव टेबलावर टाकतो आणि कोट न काढता बराच वेळ नुसता बसून राहतो. शिवायला येणाऱ्यांना हे माहीत नाही, आणि त्याने कधी कुणाला सांगितलंही नाही.

दुरी बावन्न वर्षांचा आहे. अंगाने काटकुळा, कुठल्याही छपराच्या फटीतून आत शिरेल असा. लग्न केलं नाही. कोण बंदी असूनही चुलीत दुधाचे खोके जाळतं, कुणी कुणाची पत्रं जाळली, हे त्याला काजळीवरून कळतं. पण त्याबाबत त्याचं तोंड घट्ट. बाकी मात्र तो तोंडाळ. पोरवयापासून खोडी काढणं हा त्याचा दुसरा धंदाच होता, आणि त्यात तो पहिल्या धंद्यापेक्षा तरबेज होता, असं मी म्हणेन.

त्याची, सेरैनाची आणि क्लाची दोस्ती शाळेपासूनची. सेरैना पुढे त्याच शाळेत मास्तरीण झाली, क्ला खाटीक झाला. हिवाळ्यातल्या सगळ्या सुट्ट्या तिघांच्या एकत्र. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून चार-चार तास चढायचं, वर पट्टे सोलून काढायचे, आणि जिथे यंत्राने दाबलेली वाट नाही, माणूसही नाही, अशा घळीतून खाली यायचं. अशा घळीच्या तोंडाशी आमच्याकडे सगळे थांबतात. जो सगळ्यात नवखा त्याने आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी. हो किंवा नाही. एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळ्यांनी मुकाट मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही. आमच्या बापजाद्यांनी घालून दिलेली ही रीत फार शहाणपणाची आहे. तिला शेपूट जोडलं ते दुरीने.

एक मार्चला आमची पोरं गळ्यात घंटा अडकवून थंडीला हाकलायला गावभर फिरतात. थोरल्या पोरांना मोठमोठ्या घंटा, आणि शेवटच्या रांगेतल्या चिमुरड्यांना वाटीएवढी, किणकिण करणारी. ती मिळाली की पोरगं घरी येऊन रडतं. दुरीने तसली एक घंटा पैदा केली, पिशवीत ठेवली आणि जाहीर केलं, की जो नाही म्हणेल त्याने ही गळ्यात घालून खानावळीत जायचं आणि बिअर संपेपर्यंत काढायची नाही. पहिला बळी क्ला. उतू जाणाऱ्या पोटाचा तो खाटीक किणकिणत खानावळीत शिरला तेव्हा म्हाताऱ्यांनी बाकांवर मुठी आपटल्या. आठवडाभर लोक त्याच्या दुकानात मटण मागायच्या आधी जिभेने किण् किण् करायचे. क्ला हसला सगळ्यांबरोबर. पण त्यानंतर दोन हिवाळे त्या तिघांत कुणी नाही म्हटलं नाही, आणि दुरीला वाटायचं, आपण आता तयार झालो.

तो दिवस मार्चमधला. रात्री कडक गोठलेलं, सकाळी आभाळ धुतल्यासारखं. त्यांनी ठरवलं होतं फक्त उत्तरेच्या घळीचं. ती अशी अरुंद, की स्की आडव्या धरल्या तर दोन्ही टोकं खडकाला टेकतात. वळायचं म्हणजे उडी मारून हवेतच पाय फिरवायचे आणि उतरताक्षणी स्कीच्या कडा रोवायच्या. चुकलात तर तीनशे मीटर घसरायला मोकळे. पण बर्फ पिठासारखा होता. सेरैना पहिली उतरली आणि तिसऱ्या उडीलाच तिने जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या गावात गेली असेल. क्ला आयुष्यात पहिल्यांदा न धडपडता खाली आला. तळाशी तिघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, सुकी सॉसेजं चावत, खुळ्यासारखी हसत उभी होती. असा दिवस आयुष्यात दोनदा-तीनदा येतो. त्या दिवसाचा हा पहिला अर्धा भाग दुरीला अजून आठवतो, आणि तो आठवून सुख झालं याचीही त्याला लाज वाटते.

"शेळीची घळपण करू," दुरीच म्हणाला. "पाय गरम आहेत."

शेळीच्या घळीचं तोंड पूर्वेला. मध्यावर वीस मीटरचा कातळ आहे, तिथे खडकातल्या कडीला दोर लावून उतरावं लागतं. सकाळच्या उन्हाने बर्फ सैल व्हायच्या आधी, दहाच्या आत ती उतरायची, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. ते माथ्यावर पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते.

शेळीच्या घळीत याआधी न उतरलेली अशी सेरैनाच, म्हणून पहिल्यांदा बोलायची पाळी तिची. तिने काठी बर्फात खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली.

"दुरी, वरच्या खडकांवर केव्हाचं ऊन आलंय. मला काही हे..."

दुरीने पाठीवरच्या पिशवीत हात घातला आणि घंटा एकदा हलवली. एकदाच, हळूच.

क्ला फिसकन हसला. "चला, आज बाईंची पाळी! सोमवारी वर्गात पोरं स्वागत करतील."

"गप रे मेल्या!" सेरैनालाही हसू फुटलं. तिने दुरीकडे पाहिलं, घळीकडे पाहिलं. "बरं बाबा, हो. हो म्हटलं! ठेव ती आत."

क्ला हो म्हणाला. दुरी हो म्हणाला.

कातळापर्यंत सगळं ठीक झालं. दुरी दोरावरून आधी उतरला, मागून क्ला. सेरैना कडीजवळ येऊन थांबली आणि दोर कमरेच्या पट्ट्याला अडकवायला वाकली. वरच्या तापलेल्या खडकांखालून ओला बर्फ सुटला. फार मोठा नव्हता, एखाद्या अंगणाएवढा. पण ओला बर्फ चुन्याच्या गाऱ्यासारखा जड असतो. त्याने तिला उचललं आणि दोघांच्या डोक्यांवरून खाली नेलं.

सहा मिनिटांत त्यांनी तिला उकरून काढलं. जीव होता. उजवा पाय मात्र स्कीसकट भलत्याच दिशेला वळला होता, आणि तो डॉक्टरांना गुडघ्याखालून कापावा लागला. सेरैना तेव्हा तेहतीस वर्षांची होती. घरी तिची लादिना पाच वर्षांची.

पोलिसाने रीतसर विचारलं, "तिघांनी हो म्हटलं होतं?"

"तिघांनी," दुरी म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर अडचण. खोटं बोलला असता तर कधीतरी उघडा पडला असता. क्ला त्याच्याकडे बघत राहिला आणि मग बुटांकडे बघायला लागला. त्या दोघांनी त्यानंतर एकत्र स्की केली नाही. क्ला अजूनही त्याला मटण चांगलं देतो, पण नजर तराजूवर ठेवून.

बचाव पथकाने दुरीला दर डिसेंबरात तरुण पोरांसमोर बोलायला बोलवायला सुरुवात केली. सहा मिनिटांत मैत्रिणीला उकरणारा माणूस! तो जायचा आणि सांगायचा: ऊन आलं होतं, उशीर झाला होता, घळ पूर्वेची होती. सगळा दोष उन्हाच्या माथी मारून तो टाळ्या घेऊन घरी यायचा. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण भ्याड होता, आणि ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. वर्षातून दोनदा सेरैनाचं धुराडं झाडायला जायचं, आज बोलायचंच असं ठरवून जायचं, आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचं. अशी अठरा वर्षं गेली.

या फेब्रुवारीच्या अखेरीला तो या हिवाळ्यातल्या दुसऱ्या फेरीला गेला. सेरैनाने सकाळपासून चूल थंड ठेवली होती. तो ब्रश आणि साखळी घेऊन ओसरीत वाकला तर समोर लादिनाची स्कीची पिशवी. पिशवीला वाटीएवढी घंटा बांधलेली.

दुरीने ब्रश खाली ठेवला.

"ही कुठली?"

"ही होय?" लादिना जिन्यावरून धडाधडा उतरली. तेवीस वर्षांची, इस्पितळात नर्स, आईसारखीच मोठ्याने हसणारी. "आमच्या टोळीची. उद्या शेळीच्या घळीत चाललोय. जो नाही म्हणेल त्याच्या गळ्यात! आणि आम्ही फोटोही टाकतो, सगळ्या खोऱ्याला दिसतो."

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"असं काय करतोस, बार्बा दुरी? तूच नाही का सांगितलंस, चर्चमध्ये माझी दीक्षा झाली त्या दिवशी जेवताना? क्ला कसा किणकिणत आला ते? लोक हसून हसून मेले होते." काकाला आमच्याकडे बार्बा म्हणतात, दुरी तिचा सख्खा काका नव्हे, पण तिला दुसरा नव्हता. "वरच्या गावातली पोरंपण आता घंटा नेतात."

दुरी काजळीच्या कपड्यांनिशी तिच्या आईच्या स्वच्छ बाकावर बसला. सेरैना दारात येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी," तो लादिनाला म्हणाला, "तुझी आई नाहीच म्हणणार होती. अर्धं म्हणून झालं होतं. मी घंटा वाजवली."

लादिना आईकडे बघायला लागली.

"तिच्यापुढे वाजवली," दुरी म्हणाला. "तिने पुरं बोलू नये म्हणून. पाय मी घालवला, सेरैना. उन्हाने नाही."

"मी ऐकली होती ती," सेरैना म्हणाली. "मी तिथेच होते, दुरी."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? घरी एवढीशी पोर असताना, लोक हसतील म्हणून हो म्हटलं, असं? तुला वाजवल्याची लाज, मला ऐकल्याची." ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, आणि तिचा आवाज चढला. "पण बोलायला तू हवं होतंस. मी नव्हे, तू! दर खेपेला तू त्या खुर्चीत बसायचास आणि मला वाटायचं, आज बोलेल. आणि तू काय, तर लाकूड ओलं आहे असं सांगून निघून जायचास."

"माफ कर."

"ते बघू पुढे." तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "उद्या सहाला ही पोरं पुलाजवळ जमतात. तिथे जा. आणि माझी गोष्ट सांगू नकोस, ती तू अठरा वर्षं सांगतोयस. तुझी सांग."

सकाळी सहाला पुलावर लादिना धरून पाचजण होते. स्कीला पट्टे चिकटवत, एकमेकांना ढकलत, जांभया देत. दुरीला बघून त्यांना वाटलं म्हातारा शुभेच्छा द्यायला आला. त्याने बर्फाचं काही सांगितलं नाही, उन्हाचंही नाही. आपण पिशवीत हात कसा घातला तिथून त्याने सुरुवात केली आणि पोलिसाला काय म्हणालो तिथे संपवलं. लादिना त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली होती, पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

सगळ्यात उंच पोरगा, सुताराकडे काम करणारा रीट, खाली बघत हातमोजा पिळत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "लादिनाच्या आईने पुरतं नाही म्हटलं असतं, तर तुम्ही फिरला असतात मागे?"

"हो," दुरी म्हणाला. "लगेच. रीतच आहे तशी. मीही फिरलो असतो, क्लाही."

"मग घंटा कशाला होती?"

पोरं थांबली होती, कुणाला घाई दिसत नव्हती.

"हसायला," तो म्हणाला.