आठ फुटांचा फळा

आई निवृत्त झाली तेव्हा मी तिच्या शाहपुऱ्याच्या शाळेचे आतून-बाहेरून शेकडो फोटो काढले आणि ते जुळवून संगणकावर शाळेचं त्रिमितीय मॉडेल केलं. माझं कामच ते. फोटोंवरून आकार हुबेहूब येतो, माप मात्र येत नाही. एक तरी लांबी आपल्याला सांगावी लागते. टेप गाडीत होती. आई म्हणाली, "फळा आठ फुटांचा आहे. माझ्यासमोर बसवलाय." आता आईचा शब्द टेप लावून तपासायचा म्हणजे घरात महाभारत. मी निमूटपणे आठ फूट भरले.

दोन वर्षांनी मागच्या भिंतीला तडा गेला. भिंत जागेवर असेल तर डागडुजी, सरकली असेल तर शाळा पाडायची, असं ठरलं. आई रोज विचारायची, "वाचेल ना गं?" मी ऑफिसातला लेझर स्कॅनर नेला. हे यंत्र अंतरं स्वतःच मोजतं, त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. पुढच्या दाराशी जुळवून नवं मॉडेल जुन्यावर ठेवलं, तर मागची भिंत चार बोटं आत आलेली. मी तसा अहवाल दिला.

शाळेचे सचिव आईपाशी हळहळले. "ताई, अब मशीन ही बोल रही है, तो हम क्या करें?"

आई फक्त म्हणाली, "तू मोजलंयस म्हणजे बरोबरच असणार." उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा पाडली.

पुढे एकदा आईला फळा बघावासा वाटला. मी लेझरचं मॉडेल उघडलं आणि सहज, अगदी सवयीने, फळ्याच्या दोन्ही टोकांवर क्लिक केलं. आठ फुटांना बोटभर कमी. वाळवी लागलेली कड कधीतरी कुणी कापली असणार; माझ्या जुन्या फोटोंतही ती कापलेलीच होती. म्हणजे माझं जुनं मॉडेलच मोठं होतं: आठ फुटांमागे बोटभर, दारापासून बत्तीस फुटांवरच्या मागच्या भिंतीपर्यंत चार बोटं. भिंत तसूभरही हलली नव्हती. खरं माप स्कॅन केल्या दिवसापासून माझ्याच संगणकात होतं आणि मी ते बघितलं नाही. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

आई चष्मा पुसत स्क्रीनजवळ सरकली. "बघ, आठ फुटांचाच आहे ना?"

मी आकडा पुसला आणि हो म्हणाले.