चढतं रक्त

होझिया टिलमनला रक्तदाब वगैरे काही नव्हता. त्याला होतं 'चढतं रक्त'. मिसिसिपीतल्या त्या गावात सगळ्यांना तेच असतं. रविवारी डुकराचं मटण जरा जास्त झालं की रक्त मानेशी चढतं आणि सोमवारी पाण्यात व्हिनेगर घालून प्यायलं की उतरतं. मग उतरलेल्या रक्तावर गोळी कशाला? त्याच्या आजोबांनी कधी घेतली होती? आजोबा पन्नाशीत शेतातच आडवे झाले, ते राहू दे!

तेव्हा मान दुखली तर गोळी, नाहीतर बाटली खिडकीत. दवाखान्यात जायच्या दिवशी मात्र गडी दोन-दोन गिळायचा. नर्स जेनेटा आकडा बघून खूश व्हायची आणि हा मिशीत हसायचा.

चर्चमध्ये होझिया डीकन होता, चर्चचं काम बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, आणि भजनाची ओळ द्यायचा मान त्याचा. जुन्या भजनाला पुस्तक नसतं. डीकन एकेक ओळ आधी एकट्याने गाऊन देतो आणि सगळी मंडळी ती लांबवत उचलतात. त्याचा आवाज ऐकायला उन्हाळ्यात शिकागोला गेलेल्यांची पोरंसोरं गावी यायची. यंदा मात्र चर्चच्या पायऱ्यांवरच तो थांबायला लागला. कुणी बघितलं की वाकून बुटाची लेस बांधायचा.

"अरे, तुझ्या बुटांना लेसच नाहीत," त्याची बायको व्हर्डेल म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेलं आणि दोन गोळ्यांची भानगड जेनेटाला सांगून टाकली.

जेनेटाने त्याच्या दंडाला दाब मोजणारा पट्टा एक दिवस-रात्र बांधून ठेवला, हृदयाचं चित्रही काढून घेतलं. मग दोघांना समोर बसवलं.

"काका, तुमचा दाब सकाळी आभाळाला, गोळ्या गिळल्या की जमिनीला. ह्या ओढाताणीत हृदयाची भिंत जाड झालीय."

"जाड म्हणजे मजबूत ना, पोरी?"

"हृदय म्हणजे काय दंड आहे का काका, फुगवून दाखवायला? भिंत जाड आणि ताठ झाली की आत रक्त मावत नाही, मग दम लागतो. दाब चढलेला मानेला कळत नसतो. गोळी रोज घ्यायची, तीसुद्धा एकच. मग ती भिंत थोडी सैल पडेल."

"आणि माझी ओळ?"

जेनेटाने गोळ्यांची बाटली व्हर्डेलच्या हातात दिली. घरी आल्यावर होझियाने हट्टाने व्हिनेगरच घेतलं. भ्यालेल्या माणसाचा हट्ट फार वाईट!

शिकागोची पोरं आली त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. होझियाने पहिली ओळ दिली, लोकांनी उचलली. दुसरी अर्ध्यावर आली आणि श्वास संपला. तो तोंड उघडं ठेवून नुसता उभा राहिला. त्या चर्चमध्ये बाई ओळ देत नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण कुणी दिली नव्हती. व्हर्डेल बायकांच्या बाकावरून उठली आणि तिने ती अर्धी ओळ पुरी केली. म्हातारे डीकन मान वळवून बघत राहिले. पण ओळ दिली म्हटल्यावर उचलायला तर हवीच! अख्खं चर्च तिच्यामागे गायलं. होझियाने बाक घट्ट धरला आणि तो लहान मुलासारखा रडला.

सोमवारी न्याहारीला तिने बशीजवळ गोळी ठेवली.

"मान दुखत नाहीये गं, व्हर्डी."

ती रागावली नाही. कालच्याच भजनाच्या चालीवर तिने हळूच सूर लावला, "गोळी घे रे, होझिया..." आणि थांबली. दिलेली ओळ तशीच टाकायची नसते, हे आयुष्यभर त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. आयुष्यभर आपल्या मागून गाणारी ही बाई आता उत्तरासाठी थांबली होती.

होझियाने गोळी गिळली. मग बसक्या आवाजात, जेवढा श्वास होता तेवढ्यात, ओळ उचलली, "घेतली गं, घेतली..."

"उद्या पुन्हा देणार आहे मी," व्हर्डेल डोळे पुसत म्हणाली. "मला ओळ द्यायला लावून अर्ध्यावर निघून जायचं नाही, सांगून ठेवते."