नीवेसचं लाल जाकीट

देल्फिनाने एक्केचाळीस वर्षं गिरणीत रफूचं काम केलं, आणि त्यातलं एकही काम तिला कुणाला दाखवता आलं नसतं. दिसलं तर ते रफू वाईट. मागावरून कापड उतरलं की ते बायकांच्या खोलीत यायचं. खिडकीसमोरच्या उतरत्या टेबलावर ते पसरायचं, बोटांनी चाचपायचं, कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय ते हुडकायचं, आणि मग त्याच कापडाच्या काठातून धागा ओढून सुईने पुन्हा विणायचं. वरून ओला फडका, इस्त्रीची वाफ, ब्रशचा एक हात. त्यानंतर ती जागा खुद्द देल्फिनालाही सापडायची नाही. ते कापड पुढे मिलानला जायचं, लंडनला, टोकियोला. ज्यांच्या कोटावर आत-बाहेर कुठेच नाव नसतं अशा श्रीमंतांच्या अंगावर.

इटलीतल्या बिएला शहराच्या वरचं ते सगळं खोरंच तसं. गिरणीतले उरलेले तुकडे शिवून घालणारं. पोस्टमनची पाटलोणसुद्धा अशा कापडाची, की शहरातल्या वकिलाला हेवा वाटावा. दोघं भेटले की हात मिळवता मिळवता समोरच्याची बाही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून बघायची. "चांगलंय," एवढंच म्हणायचं. कुणाचं, कुठून घेतलं, असं विचारायची पद्धत नव्हती. बोटांना कळलं नाही तर विचारून काय उपयोग?

देल्फिनाची धाकटी बहीण नीवेस या खोऱ्यात चुकून जन्मली होती, असं आई म्हणायची. दोघींमध्ये सात वर्षांचं अंतर. देल्फिनाचा राखाडी फ्रॉक आखूड झाला की तो उलटा करून नीवेससाठी शिवला जायचा. शाळेत बाई त्याच होत्या, बाकही तोच, फ्रॉकही तोच. त्यामुळे बाई सवयीने म्हणायच्या, "देल्फिना, फळ्याकडे बघ." पहिले काही दिवस नीवेस सांगायची, "बाई, मी नीवेस." मग तिने सांगायचं सोडलं. सोळाव्या वर्षी ती तुरीनला केस कापायचं काम शिकायला गेली आणि ख्रिसमसला परत आली ती केस तांबडे करून. वडील तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

तिच्या साठीच्या सुमारास तिने ते जाकीट घेतलं. लालभडक लोकरीचं, आणि डाव्या छातीवर तळहाताएवढी दोन सोनेरी अक्षरं, एकमेकांत अडकवलेली. त्या कंपनीची ती अक्षरं जगात कुणीही लांबून ओळखावीत अशी. ईस्टरच्या रविवारी चर्च सुटल्यावर नीवेस ते घालून चौकात उभी राहिली. सगळे होते. गिरणीमालकांच्या पत्नी सिन्योरा ओत्ताविया होत्या, त्यांच्या त्या तीस वर्षं जुन्या उंटाच्या रंगाच्या कोटात. त्या कोटाचं अस्तर दोनदा बदललं होतं आणि कोपरावर देल्फिनाचं रफू होतं, ते फक्त त्या दोघींना ठाऊक होतं.

"काय गं," देल्फिना म्हणाली, "दुकानाची पाटी पडली की काय तुझ्या अंगावर?"

चौक हसला. सिन्योरांनीही ओठ जरासे हलवले. नीवेस सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि त्यानंतर ते जाकीट खोऱ्यात कुणी पाहिलं नाही.

या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. आता नीवेस बिएलाच्या हॉस्पिटलात होती. आजार डोक्यापर्यंत पोचला होता. दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. माणूस आलं की तिला फक्त काळं-पांढरं काहीतरी हललेलं कळायचं. नवरा कधीच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. देल्फिनाच रोज बसने यायची.

"फिना, ऐक," एका दुपारी नीवेस म्हणाली. "मला ते लाल जाकीट घालायचं."

"कधी?"

"आणखी कधी? मेल्यावर, पेटीत. बटणं लावून, नीट. अक्षरं छातीवर आहेत ते बरंय. पाठीवर असती तर मला पालथं ठेवावं लागलं असतं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"शब्द दे."

"दिला."

"राखाडी नको, फिना. काहीही घाल, पण राखाडी नको. लोकांना दारातून कळलं पाहिजे कोण निजलंय ते."

देल्फिनाने नीवेसच्या घरून जाकीट आणलं आणि उन्हात टांगलं. तेवढ्यात शेजारची एर्मेलिंदा कॉफीला आली. ती रफूच्या खोलीत देल्फिनाच्या शेजारच्या टेबलावर बसायची. पंचवीस वर्षं दोघींनी एकच खिडकी वाटून घेतली होती.

"हे घालून पाठवणार तिला?" एर्मेलिंदाने बाही चिमटीत धरली. "कापड मात्र चांगलंय हं. पण ते वरचं... अगं, सिन्योरा येणार बघायला. गिरणीतल्या घरचं कुणी गेलं की त्या येतातच. उंबऱ्यावरूनच परत फिरतील."

"तिची इच्छा आहे."

"जाकिटाची इच्छा आहे ना? मग जाकीट घाल की. अक्षरांवाचून का ते जाकीट राहत नाही?"

एर्मेलिंदा गेली आणि ते वाक्य मागे राहिलं. देल्फिनाने भांडी घासली, फरशी पुसली, टोमॅटोच्या रोपांना पाणी घातलं. मग ती स्वतःलाच म्हणाली, जाकीट तेच राहील. रंग तोच. बटणं तीच. दिलेला शब्द कुठे मोडतो?

दोन दुपारी ती खिडकीशी बसली. बारीक कात्रीने सोनेरी धागा मागच्या बाजूने कापायचा, पुढून चिमट्याने ओढायचा. भरतकाम दाट होतं. धाग्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे बिस्किटांच्या डब्यात साठत गेले. खाली कापडाला शेकडो भोकं पडली होती. शिलाईच्या आतल्या भागातून तिने लाल धागा काढला आणि एकेक भोक विणून घेतलं. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. अक्षरांखालचा लाल रंग गडद निघेल, त्यांचा ठसा राहील, अशी तिला धास्ती होती; बाहेरचं कापड उन्हाने फिकं पडतंच. पण ठसा नव्हता. रंग सगळीकडे सारखाच होता. त्या ईस्टरनंतर जाकीट अंगावर चढलंच नव्हतं.

देल्फिनाने सुई थांबवली. चौकातलं ते हसू तिला आठवलं. मग उरलेली भोकंही तिने पुरी केली, कारण अर्धं रफू ठेवून उठायची तिच्या हाताला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला. "सिन्योरा देल्फिना, तुमची बहीण जाकीट मागतेय. येताना आणा म्हणते."

"आत्ता?"

"आत्ता घालायचंय म्हणते. आम्हाला दाखवायचंय."

देल्फिना बिस्किटांचा डबा उघडून बसली. सोन्याचे ते तुकडे कशालाच जोडता येण्यासारखे नव्हते. शेवटी तिने जाकीट कागदात गुंडाळलं आणि बस पकडली. वाटेत तिने दोनदा ठरवलं, विसरले म्हणून सांगावं.

नीवेस उठून बसली होती. कुणीतरी तिच्या ओठांना लाली लावली होती. "आणलंस? घाल, घाल लवकर. मेल्यावर मला थोडंच मिरवता येणार आहे? जिवंतपणी दोन तास घालते, मग तुझ्या ताब्यात."

देल्फिनाने एक हात बाहीत घातला, मग दुसरा. खांदे किती उरले होते! जाकीट तिच्यावर हँगरवर टांगल्यासारखं दिसत होतं. नीवेसने स्वतः बटण लावलं आणि तिचा उजवा हात डाव्या छातीवर गेला. बोटं फिरली. जरा वर गेली, जरा खाली. मग हात दुसऱ्या बाजूला गेला, उलटं घातलं असेल म्हणून. तिथूनही परत आला.

नर्स काहीतरी म्हणणार होती. देल्फिनाकडे बघून ती बाहेर गेली.

"फिना?"



नीवेसने छातीवरचं कापड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरलं. खोऱ्यातले लोक चोळतात तसं चोळलं. सावकाश, सगळीकडे. एकेक बोट पुढे सरकवत तिने ती जागा शोधली, जशी देल्फिना आयुष्यभर टेबलावर शोधत आली होती.

"कुठे होतं तेच कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "काय हात आहे गं तुझा."

"नीवेस, मी..."

"सिन्योरा येणार असतील ना, बघायला?"

"हो."

"त्यांना आवडेल."  मग ती बटण चाचपू लागली. "काढ आता. उकडतंय."

खोलीत उकडत नव्हतं. देल्फिनाने जाकीट काढलं, घडी घातली. नीवेसने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "साडेपाचची बस चुकेल तुझी."

त्यानंतर चार दिवस देल्फिना येत राहिली. नीवेस हवापाण्याचं बोलली, टोमॅटोंचं विचारलं, एकदा नर्सच्या केसांना नावं ठेवली. जाकिटाचा शब्द तिने काढला नाही, आणि देल्फिनाला काढता आला नाही. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

खोऱ्यातल्या भिंतींवर तिच्या निधनाची पत्रकं लागली, काळ्या चौकटीत, नाव ठळक. देल्फिनाने बाजारातून सोनेरी रेशमाचं रीळ आणलं. दर्शनाला लोक अकराला येणार होते. ती साडेआठलाच जाऊन पेटीशेजारी खुर्ची ओढून बसली. लाल जाकीट, बटणं लावलेली, हात एकावर एक ठेवलेले. कंपनीची ती दाट अक्षरं दोन-अडीच तासांत होण्यासारखी नव्हती. ती 'नीवेस'मधलं पहिलं अक्षर काढायला बसली. मोठे टाके घालायचे, दारातून दिसतील असे, एवढंच ठरवलं होतं.

हात ऐकेना. टाका घातला की तो बारीक व्हायचा, धाग्याच्या विणीत शिरायचा, कापडाच्या वाटेने जायचा. ती उसवायची आणि पुन्हा घालायची. पुन्हा तेच. दोन तासांत अक्षराची एक उभी रेघ झाली, नखाएवढी, आणि दोन पावलं मागे गेलं की तीही कापडात मिळून जायची.

घंटा झाली. लोक आत आले. एर्मेलिंदा रडली. सिन्योरा ओत्ताविया त्याच कोटात आल्या, पेटीपाशी थांबल्या, वाकल्या आणि नीवेसची बाही त्यांनी चिमटीत धरून हलकेच चोळली.

"चांगलंय," त्या म्हणाल्या. मग मृत चेहऱ्याकडे बघून त्यांनी देल्फिनाच्या खांद्यावर हात ठेवला. "किती साधी, शांत दिसतेय. अगदी तुझ्यासारखी, देल्फिना."

सुई अजून देल्फिनाच्या बोटांत होती, सोनेरी धागा ओवलेली.

"नीवेस," ती म्हणाली. "हिचं नाव नीवेस होतं, सिन्योरा."

"हो, हो," सिन्योरा म्हणाल्या, आणि मागच्या माणसांना जागा करून द्यायला बाजूला झाल्या.