प्लायवूडचं जबलपूर

बायकोने पंचवीस वर्षं शाळेत हिंदीतून भूगोल शिकवला आणि घरी मला मराठीतून. मी जबलपुरात खमरियाच्या फॅक्टरीतला सुतार. लग्नानंतर एकदा मी विचारलं, टोपोग्राफी म्हणजे नेमकं काय? तिने पेलाभर पाणी जेवणाच्या टेबलावर ओतलं. म्हणाली, "बघा, कुठं जाऊन राहिलं ते. पाणी कुठं जाईल हे आधीच सांगता आलं, की जमिनीची ठेवण कळली." पाणी माझ्या मांडीवर आलं. टेबल मीच बनवलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

निवृत्तीनंतर रक्तातल्या साखरेने तिची नजर नेली. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. रडणं तिच्या स्वभावात नाही. "डोळे गेले तर गेले, दहा बोटं आहेत ना," ती म्हणाली. ठिपक्यांची लिपी शिकायची, मग शिकवणी पुन्हा सुरू करायची, असं तिने ठरवून टाकलं. उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या वर्गात तिने जागाही धरून ठेवली. ती इतक्या ठामपणे बोलायची की मला धीर यायचा.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसा मी तिला बोटांनी चाचपता येईल असा शहराचा नकाशा करायला लागलो. तिच्या जुन्या नकाशावरच्या समोच्च रेषा ट्रेस केल्या. एका रेषेवरून दिवसभर चाललं तरी चढ लागत नाही की उतार लागत नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. प्रत्येक रेषेचा प्लायवूडचा एक तुकडा कापायचा आणि एकावर एक चिकटवायचा. दक्षिणेला नर्मदा कोरून काढली. नैर्ऋत्येला भेडाघाटची घळ. ईशान्येला खमरियाची टेकडी, चांगली पाच थरांची. सगळा हिवाळा गेला. "डोंगर पोखरून उंदीर काढू नका म्हणजे झालं," ती आतून ओरडायची.

एका दुपारी मी ते तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसलो. तिने पदराला हात पुसले, वर्गात शिरताना पुसायची तसे, आणि दोन्ही हात त्यावर टेकवले.

"वर उत्तर. माझ्याकडे खाली ही नर्मदा." तिचं बोट जवळच्या काठावरून उजवीकडून डावीकडे सरकलं. "हे ग्वारीघाट. आता इथं डावीकडे... अच्छा! किती खोल घेतलं हो तुम्ही! भेडाघाट."

मी आनंदाने हो म्हणणार होतो. तेवढ्यात दिसलं, की मी नकाशा माझ्या बाजूने सुलट ठेवलाय. तिच्या बाजूने तो उलटा होता. नर्मदा पलीकडे, माझ्या पोटाशी होती. तिचं बोट खमरियाच्या टेकडीवर होतं, सगळ्यात वरच्या थरावर, आणि ती मला घळ किती खोल आहे ते सांगत होती.

तिच्या बोटांना काही लागत नव्हतं. ती पाठ म्हणत होती.

साखर नसांनाही धरते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते फक्त पायांचं ऐकलं, मऊ चपला आणल्या आणि निश्चिंत झालो. दुष्काळात तेरावा महिना. मला साखरेचा राग आला, स्वतःचा आला, आणि हे लपवल्याबद्दल तिचाही आला.

"तुम्ही गप्प काहून?" ती म्हणाली. "मी फळ्यावर चुकले की पोरी अशाच गप्प बसायच्या. कुठं आहे माझं बोट?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "खमरियाच्या टेकडीवर."

तिने बोट उचललं नाही. "दिवाळीपासून असंच आहे," ती म्हणाली. "वाटलं, जाईल आपोआप. तुम्ही एवढं करून राहिले होते, सांगवेना."

"प्लाय पातळ होता," मी म्हणालो. "जाड आणतो. बारा मिलीचा आणतो. घासून धार काढतो कडांना." माझं मलाच ऐकवेना. चाळीस वर्षं जे बसलं नाही ते रंधा मारून बसवलं होतं, दुसरं मला काही येतच नाही.

"आणा," ती म्हणाली. नापास होणाऱ्या मुलींशी ती अशाच मऊ आवाजात बोलायची. "आणि लिपीच्या वर्गाला फोन करून नाही म्हणून सांगा. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल."

मी हात पुढे करून तिच्या बोटांची टोकं धरली. ती तशीच समोर बघत, चेहरा शांत ठेवून त्या फोनबद्दलच बोलत राहिली. मग म्हणाली, "अहो, आहात ना इथं?"