जुन्या सॉफ्टवेअरमधला ऑर्गन
जुना कॉम्प्युटर तापला की जळक्या धुळीचा वास येतो आणि धाकट्या भावाचा हात आठवतो. दिघोरीच्या मंडईच्या जत्रेत आमचं नाटक होतं. त्याने ऑर्गनवर वाजवलेलं संगीत जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मी त्याला न विचारता याच कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकली आणि ते उघडेना. “तुले म्हटलं होतं ना दादा, मंडई झाल्यावर बदलव. आता तोंडानं वाजव,” सामानाच्या पेटीतून वायर काढत तो म्हणाला. नट हसले. मी पेटीचं लोखंडी झाकण त्याच्या हातावर आदळलं; हाड मोडल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला. रक्ताळलेला हात गमछ्यात गुंडाळून त्याने दुसऱ्या हाताने सॉफ्टवेअरला जुन्या विंडोजची सेटिंग दिली आणि ते सुरू झालं. मोडलेल्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत. त्याचं वाजवणं आता यातच उरलंय, म्हणून हा कॉम्प्युटर मी बदलत नाही.