नगावर घेणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई कामशेतच्या बाजारात लिंबंसुद्धा मोजून घ्यायच्या. भाजीवालीनं तराजू उचलला की म्हणायच्या, "वजनावर नको गं बाई, नगावर दे. एक मोठं लिंबू चार बारक्यांना झाकतं." मी चिडवायचो, "ताई, बाजारात तरी प्रयोगशाळा बंद ठेवा!" त्या हसायच्या, पण मोजणं काही थांबायचं नाही.

आम्ही दोघं एका प्रयोगशाळेत कारखान्यांच्या पावडरी तपासायचो. केसाच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातल्या एका भागाहून बारीक कण संख्येनं निम्मे भरले, की ती पावडर नॅनो. मग ती बंद यंत्रातच भरायची, फावड्यानं नाही. पण हे कण चिकटून त्यांचे गोळे होतात, आणि झटपट मोजणाऱ्या यंत्राला अख्खा गोळा एकच कण वाटतो. ताई नव्या पोरांवर खेकसायच्या, "अहो, ढेकूळ म्हणजे कण नव्हे! आधी फोडा, मग मोजा."

एकदा त्यांचा धाकटा भाऊ बाळू जिथं फावड्यानं पोती भरायचा, त्याच कारखान्याचा नमुना आला. ताईंनी हात लावला नाही. "माझा माणूस आहे तिथं, तुम्ही मोजा," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी गोळे फोडले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजले. नॅनोच होती. ऐकून त्यांनी डोळे पुसले. "सुटला गं बाई माझा बाळू."

कुठला सुटतोय! कारखान्याच्या साहेबांनी नमुना दुसरीकडे धाडला, गोळे न फोडता मोजून घेतला, आणि 'नॅनो नाही' असा कागद फाटकावर डकवला.

त्या रविवारी मी ताईंबरोबर त्यांच्या गावी, वडिवळ्याला गेलो. त्यांची आई अंगणात पावडरीची रिकामी पोती झटकत होती, तांदूळ भरायला.

"आये, ठेव ते खाली!" ताई किंचाळल्या.

बाळू खोकत खोकतच हसला. "ताई, साधी पावडर हाय ती. नॅनो आसती तर डोळ्याला दिसली आसती व्हय? ही तर आंगभर दिसतीया."

"आरं, तुला दिसत्यात ती ढेकळं, बाळू. कण न्हाई दिसत."

"आन् काम सोडून जाऊ कुटं?" तो म्हणाला. आईनं ताटं वाढली, आम्ही जेवायला बसलो.

भातकापणीच्या आधीच बाळू गेला. फुप्फुसं निकामी झाली, एवढंच डॉक्टर म्हणाले. पावडरीनं की आणखी कशानं, ते कोणी तपासलं नाही. ताईंनी नोकरी सोडली. आता आमच्याकडे 'आधी फोडा' म्हणून ओरडणारं कोणी नाही, आणि खरं सांगतो, नमुने भराभर उरकतात. याचा मला भयंकर संताप येतो, पण करतो काय? मीही उरकतोच.

परवा बाजारात ताई दिसल्या. भाजीवालीनं सवयीनं विचारलं, "ताई, लिंबं नगावर ना?"

ताईंनी पिशवी पुढं धरली. "दे गं, कशीपण दे."