तो गार चहा माझा नव्हता

दोहातल्या अल गराफाला मुलाच्या घरी पाहुणे आले की नात म्हणते, "आजोबा, युवर आइस टी!" मी उठतो. कोरा चहा, भरपूर साखर, लिंबू, बर्फ. पाहुणे दुसरा ग्लास मागतात. मग मुलगा ठरलेली गोष्ट सांगतो, की या चहानं बाबांना उन्हातून ऑफिसात नेलं. मी नुसता हसतो. आता पुरे झालं.

मी साताऱ्याकडचा. कोरा चहा आमच्याकडे आजारी माणसाला देतात. तरुणपणी इथल्याच इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये मी गाड्यांचे पत्रे ठोकायचो. माझ्या खोलीत रत्नागिरीचा एक वेल्डर होता, माझ्याच वयाचा. तो पहाटे पातेलंभर कोरा चहा करायचा, गार झाला की पाण्याच्या मोठ्या थर्मास-जगमध्ये बर्फावर ओतायचा आणि कंपनीच्या बसमध्ये तो जग मांडीवर घेऊन बसायचा.

"पी रे घाटी," तो म्हणाला, "दूध नाही म्हणून मरणार नाहीस."

जूनची दुपार, वर तापलेला पत्रा. पहिल्या घोटाला गोड, मग लिंबाचा आंबटपणा, आणि गारवा पार पोटापर्यंत. दुधाचा चहा त्या उन्हात तासाभरात नासला असता. हा संध्याकाळपर्यंत टिकायचा. मीही एकदा दुधाच्या चहात बर्फ टाकून पाहिला. भांडी विसळलेल्या पाण्यासारखा लागला. त्यावर तो आठवडाभर हसत होता.

एका दुपारी मोठे साहेब शेडमध्ये आले. घामानं भिजलेले. मी त्यांना जगमधून ग्लास भरून दिला. एका दमात संपवून त्यांनी विचारलं, "ये किसने बनाया?"

वेल्डर शेडच्या टोकाला मास्क लावून काम करत होता. ठिणग्या उडत होत्या. मी म्हणालो, "मैंने, साहब."

"बस, खलास. कल से ऑफिस की पँट्री तुम देखो."

म्हणजे एसी. म्हणजे पत्रे ठोकणं संपलं.

संध्याकाळपर्यंत गॅरेजभर बातमी पसरली. मला तर तो चहा करताही येत नव्हता. खोलीवर मी त्याच्यासमोर मान खाली घालून बसलो. त्यानंच पातेलं पुढे ओढलं.

"बघ नीट. पावडर टाकल्यावर एकच उकळी. साखर गरम असतानाच घाल. लिंबू मात्र गार झाल्यावर पिळायचं, नाहीतर चहा कडू होतो. आणि साहेबाला दूध घालून देऊ नकोस, घाटी! तुला हाकलतील."

तो हसला. मी त्याची माफी मागितली नाही. तो आणखी आठ उन्हाळे त्या पत्र्याखाली राहिला. रोज सकाळी बसमधून उतरलो की तो शेडकडे जायचा आणि मी ऑफिसकडे.

गेल्या शुक्रवारी पाहुणे होते. मुलानं गोष्ट सुरू केली तेव्हा मी म्हटलं, "थांब, ती खरी नाही," आणि सगळं सांगितलं. मुलानं ग्लास खाली ठेवला. सून पाहुण्यांकडे बघेना. नातीनं एकच विचारलं, "मग त्या आजोबांना एसी कधी मिळाला?"

"नाही मिळाला," मी म्हणालो.

पाहुणे गेल्यावर नातीनंच त्या वेल्डरला व्हिडिओ कॉल लावून दिला. तो आता गावी असतो. वेल्डिंगनं एक डोळा अधू झालाय. मी म्हणालो, "आज पोरांना खरं सांगितलं. चहा तुझा होता. त्या दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. चुकलो रे."

तो म्हणाला, "लिंबू गरमात पिळत नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं तर."

त्याच्या बाजूनं झालं असेल. पण ते आठ उन्हाळे मी त्याला परत देऊ शकत नाही. माझ्या हातात एवढंच होतं की पाहुण्यांसमोर गोष्ट दुरुस्त करावी, आणि इथेही ती लिहून ठेवावी. चहा अजून मीच करतो. फक्त ट्रे घेऊन जाताना नात आता सांगते, "हा रत्नागिरीच्या आजोबांचा आहे."